माळावरचे साप आणि कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

कोरड्या माळावरचे जीव कसे शोधावेत आणि त्यांचे फोटो कसे काढावेत, याबद्दल या वेळी प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं सापांचीच निघाली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

अथणीहून एक वाचक : वाळवंटातल्या सापांचे सुंदर फोटो पाहतो. आपल्या भागात तसं काही मिळेल, की राजस्थानच गाठावं लागेल?

वाळूच्या टेकड्या आपल्याकडे नाहीत, पण कोरड्या रानाला सरावलेले जीव तुमच्या घरापासून सायकलच्या अंतरावर आहेत. बेळगाव जिल्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडत गेलं की पाऊस झपाट्याने उतरतो. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात छत्रीचा उपयोग नसतो. अथणीला वर्षाकाठी जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर, आणि त्यातलाही चांगला वाटा परतीच्या पावसाचा. पायाखालचा दगडही बदलतो. खानापूरकडे जांभा, चिकोडी-अथणीकडे काळा पाषाण आणि काळी माती, गोकाक-सौंदत्ती-रामदुर्गकडे कलादगी नावाच्या जुन्या खडकमालिकेतला वालुकाश्म. ज्याला माळावरचे साप हवेत त्याने खानापूरकडे पाठ करून पूर्वेला जावं.

सुट्या चपट्या दगडांच्या उतारावर फुरसं. काळ्या मातीच्या उन्हाळी भेगांमध्ये उंदरांच्या मागे गेलेले नाग आणि धामण. भुसभुशीत जमिनीत मांडूळ आणि डुरक्या घोणस. सापांपलीकडे खोकड, लांडगा, आणि धाविक, माळटिटवी, चंडोल हे माळावरचे पक्षी आहेतच, आणि हिवाळ्यात पाहुणे शिकारी पक्षी, भोवत्ये. चिंकारा पाहायचा असेल तर शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात यादहळ्ळीचं अभयारण्य खास त्याच्यासाठीच राखलेलं आहे.

निपाणीहून एक वाचक : मे महिन्यात दोन रविवार सकाळी दहा ते चार माळ तुडवला. शंभरेक दगड उलटले. एक विंचू, दोन गोमी, साप शून्य. कुठे चुकतंय?

वेळ चुकली आणि रीतही चुकली. मे महिन्यात दुपारी उघड्या कातळावर आपल्याला हात ठेववत नाही, तिथे अंगाची उष्णता बाहेरूनच घेणारा साप कशाला थांबेल? तो तेव्हा बिळात किंवा दगडांच्या राशीच्या तळाशी असतो. तुम्ही उलटलेल्या वरच्या थरात नसतोच.

मार्च ते मे या दिवसांत उजाडल्यापासून साडेआठपर्यंत, आणि सूर्य मावळल्यापासून रात्री दहापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत उलटं : रात्री थंडीमुळे फारसं काही हलत नाही, सकाळी नऊ ते अकरा साप ऊन खायला बिळाच्या तोंडाशी येतात. घोणशीचा जोडी जमवण्याचा काळही हाच, म्हणून थंडीत ती दिवसाढवळ्या फिरताना दिसते. वर्षातली सगळ्यात भरघोस संध्याकाळ मात्र वळवाच्या पहिल्या सरीनंतरची. त्या दिवशी घरी बसू नका. पावसाळ्याच्या रात्री मण्यार आणि फुरसं बाहेर असतात. ओल फार झाली की फुरसं खुरट्या झुडपावरही चढून बसतं, त्यामुळे त्या दिवसांत नजर फक्त जमिनीवर ठेवणं धोक्याचं.

जागा निवडताना माळाचा मध्य सोडा आणि कडा धरा. जुना दगडी बांध, घायपाताचं किंवा शेराचं कुंपण, ओढ्याची दरड, वारूळ, पडक्या विहिरीचा काठ. पाणंदीच्या मऊ फुफाट्यात पहाटे सरपटल्याच्या खुणा दिसतात. गुरं आणि गाड्या सुटायच्या आत पोहोचलात तर साप कोणत्या बाजूला गेला हेही कळतं. बांधाच्या फटीत अडकलेली ताजी, मऊ कात म्हणजे मालक फार लांब नाही. सातभाई किंवा बुलबुल एकाच झुडपाभोवती कलकलाट करत असतील तर तिकडे दुर्बीण लावा. बऱ्याचदा तिथे साप असतो, नाहीतर पिंगळा.

पन्नास पावलं चालायचं, थांबायचं, दोन मिनिटं नुसतं पाहायचं. धपाधप चालणाऱ्याला साप दिसत नाही, कारण जमिनीचे हादरे त्याला आधीच पोहोचलेले असतात. रात्री दोन दिवे लागतात. एक कपाळावर, एक हातात. कपाळावरचा दिवा आपल्या नजरेच्या रेषेत असल्याने कोळी, बेडूक, रातवा यांचे डोळे लकाकतात. सापाचे डोळे असे लकाकत नाहीत, म्हणून हातातला दिवा गुडघ्याच्या उंचीवर आडवा धरायचा. आडव्या उजेडात वेटोळ्याची सावली पडते आणि दगडांत मिसळलेलं फुरसं वेगळं उठून दिसतं. हे न केल्यामुळे पुष्कळजण फुरशाच्या हातभर अंतरावरून निघून जातात, आणि त्यांना पत्ता नसतो.

दगड उलटण्याबद्दल आमचं मत कडक आहे : नकोच. दगडाखालची ओल आणि कडेची मातीने बुजलेली फट तयार व्हायला अनेक पावसाळे लागतात. एकदा उचललेला दगड परत ठेवला तरी कडेने हवा शिरते, खालचा गारवा जातो, पालींची अंडी सुकतात. शिवाय बोटं दगडाखाली घालणं हा फुरशाचा दंश होण्याचा सरळ मार्ग आहे.

रस्त्यावर शोधायचं असेल तर अंधार पडल्यावर पहिले दोन तास कमी रहदारीचा डांबरी रस्ता घ्या, कारण दिवसाची ऊब डांबरात राहते. गाडी ताशी १५ ते २० किलोमीटर, उतरताना चमकणारं जाकीट अंगावर. गळीत हंगामात मात्र चिकोडी, रायबाग, अथणीच्या रस्त्यांवर हे करूच नका. मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या सापापेक्षा कितीतरी घातक. उभ्या उसात शिरणंही नको. तोड चालू असताना शेवटच्या पट्ट्यातून साप बाहेर पडतात, ते बांधावरून पाहावेत आणि तोडणाऱ्यांच्या पायात येऊ नये.

बेळगाव, शहापूरहून एक वाचक : माझ्याकडे १०० मिमीची मॅक्रो लेन्स आणि ७०-३०० मिमी झूम आहे. सापासाठी कोणती न्यावी? किती अंतर ठेवावं?

विषारी सापासाठी झूम. मॅक्रो सरडे, विंचू आणि कोळ्यांसाठी.

हिशेब साधा आहे. फुरशाचं वेटोळं १२ सेंटीमीटर रुंद धरा. ते चौकटीच्या अर्ध्या रुंदीत बसवायचं तर चौकटीत २४ सेंटीमीटर जमीन यायला हवी. फुल फ्रेम, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर १०० मिमीने त्यासाठी तुम्हाला पाऊण मीटरवर यावं लागतं, ३०० मिमीने सव्वादोन मीटरवर. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर तीच ३०० मिमी तुम्हाला तीन मीटरच्याही पलीकडे ठेवते. फोटो तोच, फरक तुमच्या सुरक्षिततेचा. स्वस्त कॅमेऱ्याचा लहान सेन्सर इथे उपयोगीच पडतो, हे दुकानदार सांगत नाहीत.

किमान अंतर : फुरशापासून दीड मीटर, घोणस आणि नागापासून अडीच ते तीन मीटर. घोणशीची झेप आपल्या अंदाजापेक्षा वेगवान असते, आणि ती कुकरसारखी फुसकारत असेल तर तुम्ही आधीच जास्त जवळ आला आहात. फणा काढलेला नाग म्हणजे उत्तम फोटो, ही कॅलेंडरांनी करून दिलेली समजूत. फणा हा नागाने दिलेला इशारा आहे. न बिथरलेला, जीभ बाहेर काढत चाललेला नाग टिपणं जास्त अवघड आणि जास्त खरं.

कॅमेरा सापाच्या डोळ्याच्या पातळीला आणा, पण स्वतः पोटावर झोपू नका. आडवा पडलेला माणूस पटकन मागे हटू शकत नाही. जुन्या जीन्सच्या पायाची एक वीतभर पिशवी शिवून तीत किलोभर ज्वारी भरा, ती जमिनीवर ठेवून तिच्यावर कॅमेरा टेका, कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन बाहेर वळवून वरून पाहा आणि उकिडवे बसा. बरोबर दुसरा माणूस हवा. त्याने फोटो काढायचे नाहीत. त्याचं काम सापाकडे आणि तुमच्या पाठीमागच्या जमिनीकडे लक्ष ठेवण्याचं.

या अंतरावर एफ/८ ला (हे लेन्सच्या छिद्राचं माप) जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर खोली स्पष्ट येते. म्हणून फोकस डोळ्यावरच. आपोआप फोकस नेहमी जवळच्या वेटोळ्यावर जाऊन बसतो, तेव्हा एकच बिंदू निवडा. जीभ टिपायची तर १/५०० सेकंद किंवा त्याहून जलद, आणि सलग फोटोंची सोय चालू. मण्यारीसारख्या काळ्या, तुकतुकीत सापावर कॅमेरा फसतो. तो काळ्याला करडा करू पाहतो आणि पांढरे पट्टे तपशील हरवून पांढरेफटक होतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, पाऊण स्टॉप (पायरी) खाली घ्या. फिकट मातीवरच्या धाविकासाठी तेवढंच वर.

फ्लॅश वापरायचाच तर कॅमेऱ्यावरून काढून बाजूला धरा, पुढे दुधी पडदा लावा, ताकद १/१६, आणि तीन-चार फोटोंवर थांबा. सापाला पापणी नसते, त्याला डोळे मिटता येत नाहीत. समोर गवताचं पातं आलं तर ते तोडायचं नाही, तुम्ही बाजूला सरकायचं. फुरसं अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज काढू लागलं, किंवा सापाने अंग चपटं केलं, की आवरतं घ्या.

हुक्केरीहून एक विद्यार्थिनी : फक्त मोबाइल आहे. जमेल का?

जमेल, पण साप सोडून. मोबाइलने चांगला फोटो यायचा तर फार जवळ जावं लागतं, आणि तिथेच अपघात होतात. सापाचा फोटो दुर्बिणीच्या एका भिंगाला मोबाइलचा कॅमेरा लावून दोन-तीन मीटरवरून काढा. ओळखीपुरता येतो. त्यासाठी जवळचा फोकस होणारी दुर्बीण लागते, घेताना ते तपासा.

गोकाकहून एक शिक्षक : मुलं फोटो आणून दाखवतात, विषारी मण्यार की बिनविषारी कवड्या हे ठरवता येत नाही. विषारी घोणस आणि बिनविषारी डुरक्या घोणशीचंही तेच.

मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक आणि बहुधा जोडीने असतात, मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक, शेपटीकडे पुसट. पाठीच्या कण्यावरची खवल्यांची ओळ मण्यारीत मोठी, षटकोनी. कवड्यात ती बाकीच्या खवल्यांसारखीच. भिंतीवर चढलेला बहुधा कवड्या, पण ‘बहुधा’वर कोणी हात लावू नये. पट्टे नसलेली किंवा पुसटलेली मण्यारही असते.

घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या सुट्या, काळ्या कडेच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, त्रिकोणी डोकं, बारीक मान, मोठ्या नाकपुड्या. डुरक्या घोणशीचे डाग वेडेवाकडे आणि एकमेकांत मिसळलेले, मान जवळजवळ नाहीच, शेपटी आखूड आणि खरखरीत. मुलांना सांगा, ओळखीसाठी तीनच फोटो लागतात : वरून पूर्ण पाठ, डोक्याची बाजू, शेपटी. एकाच फोटोवरून ओळख विचारणारे आणि सांगणारे दोघंही जुगार खेळत असतात.

कागवाडहून एक वाचक : माळावर जाताना सर्पदंशावरचं इंजेक्शन बरोबर ठेवावं का?

नाही. प्रतिविषाची कुपी पिशवीतली वस्तू नाही. ते शिरेतून द्यावं लागतं, एकदोन कुप्यांत भागत नाही, सुरुवातीलाच आठ-दहा लागू शकतात. त्याची तीव्र ॲलर्जी उठून रक्तदाब कोसळू शकतो, म्हणून ते रुग्णालयातच द्यायचं. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. खानापूरच्या रानातल्या चापड्यासारख्या विषारी सापांवर त्याचा भरवसा नाही, तिथे तर आणखी लांब राहा.

बरोबर ठेवायचं ते असं : पिंडरी झाकणारे जाड बूट, सव्वा मीटरची काठी, रुंद पट्टी, हात-पाय बांधायला दोन लाकडी पट्ट्या, पूर्ण भरलेला मोबाइल. दंश झाला तर अंगठ्या, कडी, घड्याळ काढा, तो अवयव मोडलेल्या हाडासारखा पट्ट्यांनी स्थिर करा, वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन लावा. आवळून दोरी नको, चिरणं-चोखणं नको, बर्फ नको, झाडपाला नको. आवळलेली दोरी रुग्णालयात सोडताच साचलेलं विष एकदम पसरतं आणि अवयव निकामी होण्याची भीती वेगळीच. साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. काही तासांनी पापण्या जड होऊ लागतात. ‘काही झालं नाही’ म्हणून घरी झोपणं हीच त्यातली घातक चूक.

निघण्याआधी प्रतिविष कुठे आहे हे फोन करून विचारा. तुमच्या कागवाडहून मिरज जवळ, खानापूरकराला बेळगाव. सीमेच्या कोणत्या बाजूला दवाखाना आहे हे त्या वेळी बघत बसायचं नसतं.

खानापूरहून एक वाचक : भीमगडात फोटोसाठी परवानगी लागते का? आणि सर्पमित्र बरणीतून आणलेला साप सोडताना फोटो काढले तर?

भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २८ प्रमाणे अभयारण्यात फोटोसाठी शिरायलाही परवाना लागतो, तो वन खात्याकडून आधी घ्या. कर्नाटकाचा परवाना चोर्ल्याच्या पलीकडे गोव्यात किंवा आंबोलीकडे महाराष्ट्रात चालत नाही. अभयारण्याबाहेरही साप धरणं, डांबणं, फोटोसाठी हलवणं गुन्हाच.

सुटकेच्या वेळचा फोटो काढण्यात गैर नाही, पण साप दगडावर मांडून, काठीने डिवचून काढलेला नको. खाली ‘सुटका केलेला’ असं लिहा. त्या फोटोतली घाबरलेली वेटोळी जाणकाराला कळतात, लपत नाहीत. मांडुळाच्या फोटोतली जागेची नोंद पुसूनच तो कोणालाही पाठवा. ‘दुतोंड्या’च्या तस्करीसाठी माणसं अशीच माहिती शोधत असतात.

चिकोडीहून एक दांपत्य : डिसेंबरात जैसलमेरला जातोय. तिथले साप आणि सांडा (काटेरी शेपटीचा वाळवंटी सरडा) पाहायचेत.

महिना चुकला. डिसेंबरात थरच्या रात्री फार गार असतात. साप बिळात, आणि सांडा तर बिळाचं तोंड मातीने बुजवून आत पडून असतो. सरपटणाऱ्यांसाठी मार्च-एप्रिल किंवा पावसानंतरचा ऑगस्ट-सप्टेंबर. तिकिटं काढलीच असतील तर बेत बदला : ३,१६२ चौरस किलोमीटरच्या मरू राष्ट्रीय उद्यानात माळढोक, चिंकारा, वाळवंटी खोकड, गिधाडं, आणि फलोदीजवळच्या खीचनला करकोच्यांचे थवे. हेच करकोचे थंडीत थोड्या संख्येने आपल्या घटप्रभेकाठीही येतात.

पुढे कधी उन्हाळ्यात गेलात तर वाळूवर पहाटे, वारा सुटायच्या आत, एकमेकींना समांतर, सुट्या तिरप्या रेघा शोधा. ते आडवं सरकत गेलेलं फुरसं. तिकडचं फुरसं आपल्या वीत-दीड वीतभर फुरशापेक्षा बरंच मोठं होतं, म्हणून अंतरही वाढवा. वाळूत लेन्स बदलू नका. कणभर वाळू झूमच्या कड्यात गेली की ते आयुष्यभर करकरतं.

सौंदत्तीहून एक वाचक : गळ्याला रंगीत पंखा असलेला सरडा कधी दिसेल?

एप्रिल-मे, सकाळी आठ ते अकरा. नर उंच दगडावर चढून निळा-काळा-केशरी पंखा उघडतो. त्याचा आवडता दगड हेरा, चार-पाच मीटरवर बसा, वीस मिनिटं हलू नका, १/१००० सेकंदाला तयार राहा. पंखा क्षणभरच उघडतो. या सरड्यांच्या एका गटाला २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी वेगळा वंश (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मानून नाव दिलं तेही ‘सारडा’, आपल्या मराठी ‘सरडा’वरूनच.

रायबागहून एक वाचक : रात्री विंचू शोधायला कोणता दिवा?

अतिनील टॉर्च, ३६५ ते ३९५ नॅनोमीटरची. अंधारात विंचू हिरवट-निळा उजळतो, पाचेक पावलांवरूनही दिसतो. कॅमेरा तिपाईवर, दोन ते चार सेकंद, बाकी सगळे दिवे बंद. टॉर्च डोळ्यात मारू नका. लाल विंचू हृदयावर घाव घालतो. त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केलं, पण तेही डॉक्टरांकडूनच. बूट घालण्याआधी झटका.

बेळगावहून एक वाचक : पूर्वेकडच्या गावांत कन्नड चालतं. शेतकऱ्यांना विचारायचं कसं?

साप म्हणजे हावु. नाग : नागरहावु. धामण : केरेहावु. घोणस : कोळकुमंडल. मण्यार : कट्टुहावु. वारूळ : हुत्त. विंचू : चेळु. घोरपड : उडा. लांडगा : तोळ. फोटो काढायचा आहे, धरायचा नाही, हे आधी सांगा. नाहीतर भला माणूस मदतीसाठी काठी घेऊन धावतो आणि तुम्ही पोहोचेपर्यंत साप मेलेला असतो.